गणितात एम.एस्सी.: कागदावरच्या अटी आणि खऱ्या अटी

अर्धी_वही (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

भौतिकशास्त्रातली पदवी घेऊन नऊ वर्षं झाली. नोकरी संगणकावर आकडेमोड करण्याची आहे, त्यामुळे मॅट्रिक्स, अवकल समीकरणं, संभाव्यता रोज हाताखालून जातात. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "फूरिअर श्रेढीची बेरीज मूळ फलनाकडेच जाते, हे कशावरून?" फूरिअर श्रेढी म्हणजे फलन साइन-कोसाइनच्या अनंत बेरजेत लिहिणं; मी तिचं सूत्र लिहून दाखवलं. तो म्हणाला, "हे सूत्र झालं. कारण कुठे आहे?" ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. गणितात पदव्युत्तर पदवी घ्यायची, असं तेव्हापासून मनाने घेतलं आहे.

बरीच माहितीपत्रकं वाचली. सगळीकडे साधारण एकच भाषा: 'गणित विषयासह पदवी किंवा समकक्ष', 'पुरेशी गणिती पार्श्वभूमी', 'अमुक इतकी क्रेडिट', 'प्रबंध किंवा व्यापक परीक्षा'. शब्द कळतात, पण हाती काही लागत नाही. पुरेशी म्हणजे किती? प्रबंधात नवं प्रमेय शोधावं लागतं का? तोंडी परीक्षेत काय विचारतात? आणि नोकरी सांभाळून हे जमतं का?

या वाटेने गेलेल्यांनी मोकळेपणाने लिहा. "जमणार नाही" असं उत्तर असेल तर तेही चालेल, फक्त कारण सांगा.

शेषफल

अर्धी_वही, प्रश्न चांगला मांडलात. मी बरीच वर्षं एम.एस्सी.च्या वर्गांना शिकवलं, आता निवृत्त आहे. आधी कागदावरचा भाग उरकतो, तो सोपा आहे.

क्रेडिट हे कामाच्या तासांचं माप. युरोपात १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर जी पद्धत रुळली, तिच्यात पूर्णवेळ अभ्यासाचं एक वर्ष ६० क्रेडिटचं आणि एक क्रेडिट २५ ते ३० तासांचं धरतात. म्हणजे दोन वर्षांच्या १२० क्रेडिटना ३००० ते ३६०० तास. त्यातले वर्गात बसण्याचे थोडे, स्वतः वही घेऊन बसण्याचे जास्त. ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या पदवीला १८० क्रेडिट लागतात, पण तिथलं क्रेडिट दहा तासांचं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सेमिस्टरच्या हिशेबाने ३० च्या आसपास क्रेडिट, म्हणजे तीन-तीनचे दहा कोर्स, आणि सरासरी सहसा 'बी'च्या खाली जाऊन चालत नाही. भारतात २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांच्या पदवीवर दोन वर्षांची आणि चार वर्षांच्या पदवीवर एका वर्षाची पदव्युत्तर पदवी अशी रचना आली आहे. तुलना करायची असेल तर तासांची करा, क्रेडिटच्या आकड्यांची नको.

विषयांची नावं जागोजागी बदलतात, पण गाभा तोच. रिअल ॲनालिसिस आणि त्याच्या पाठोपाठ मेजर (measure) थिअरी, म्हणजे संचांची लांबी-क्षेत्रफळं मोजण्याचं शास्त्र. अल्जिब्रा, म्हणजे ग्रुप, रिंग, फील्ड आणि शेवटी गाल्वा थिअरी. लिनिअर अल्जिब्रा, पदवीला केलं त्यापेक्षा बरंच खोल. कॉम्प्लेक्स ॲनालिसिस. टोपॉलॉजी. यांच्या पलीकडे आवडीप्रमाणे फंक्शनल ॲनालिसिस, संख्याशास्त्राकडे झुकणारी संभाव्यता, नंबर थिअरी, डिफरन्शिअल जॉमेट्री, न्यूमरिकल ॲनालिसिस वगैरे. सगळ्याच्या शेवटी प्रबंध किंवा व्यापक परीक्षा, काही ठिकाणी दोन्ही.

एक गोष्ट मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगत असे. १८७२ या एकाच वर्षात डेडेकिंडने वास्तव संख्यांची काटेकोर रचना प्रसिद्ध केली, हाइनेने बंद अंतरालावरच्या संतत फलनाचं एकसमान सातत्य सिद्ध करून छापलं, सिलोची ग्रुपवरची प्रमेयं आली, आणि वायरश्ट्रासने बर्लिनच्या अकादमीत सर्वत्र संतत असूनही कुठेच अवकलनीय नसलेलं फलन मांडलं. तुमच्या पहिल्या वर्षाचा कणा म्हणजे बव्हंशी ही चार कामं. 'कशावरून?' हा तुमच्या सहकाऱ्याचा प्रश्न त्या पिढीलाही असाच छळत होता, आणि त्याची एक मोठी ठिणगी फूरिअर श्रेढीनेच टाकली होती. तुम्ही योग्य दारातून आत येताय.

उलटतपास

'पुरेशी पार्श्वभूमी' एवढ्यावरच लिहितो. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात.

प्रवेश समितीला बघायचं असतं ते इतकंच: पदवीच्या पातळीचं ॲनालिसिस एकदा तरी सिद्धतांसह झालंय का, अल्जिब्राचा एखादा कोर्स झालाय का, आणि लिनिअर अल्जिब्रात फक्त मॅट्रिक्स गुणले नसून सदिश अवकाश, रेषीय रूपांतरण, आयगेनमूल्यं या कल्पना व्याख्येपासून समजल्यात का. भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीतून येणाऱ्यांचं कॅल्क्युलस हाताला पक्कं असतं, कधीकधी गणितवाल्यांपेक्षाही. एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे 'किमतींतला फरक एप्सिलॉनपेक्षा कमी हवा तर बिंदू डेल्टापेक्षा जवळ घ्या' या भाषेतली सातत्याची काटेकोर व्याख्या, मात्र एकतर झालेली नसते, नाहीतर परीक्षेपुरती पाठ झालेली असते. म्हणून बऱ्याच ठिकाणी अशा विद्यार्थ्यांना सशर्त प्रवेश देतात: आधी दोन-तीन पूरक कोर्स करा, त्यांत ठरलेली श्रेणी आणा, मग पुढे. ती क्रेडिट सहसा पदवीत मोजली जात नाहीत, हे आधीच विचारून घ्या.

अमेरिकेतली काही विद्यापीठं जीआरईची गणिताची विषय-परीक्षा मागतात किंवा ऐच्छिक ठेवतात. ६६ बहुपर्यायी प्रश्न, दोन तास पन्नास मिनिटं, जवळपास निम्मे प्रश्न कॅल्क्युलसचे. वेग दाखवायला ती ठीक आहे. सिद्धता लिहिता येते का, हे तिच्यातून कळत नाही.

खरी पार्श्वभूमी तपासायची असेल तर एक प्रश्न देतो. पुस्तक न उघडता, नेटवर न शोधता सोडवा आणि इथेच लिहा. शून्य ते एक या बंद अंतरालावर, म्हणजे दोन्ही टोकं धरून, संतत असलेलं फलन एकसमान संतत असतं, म्हणजे दिलेल्या एप्सिलॉनला सगळ्या बिंदूंसाठी एकच डेल्टा पुरतो, हे सिद्ध करा. व्याख्या बघायला हरकत नाही. चुकलं तरी लिहा.

मूळसंख्या

मी त्या फसलेल्यांपैकी, म्हणून लिहिते.

पदवीला मला गणितात उत्तम गुण होते. पहिल्या सत्रात ॲनालिसिसच्या पेपरात नापास झाले. उत्तरपत्रिका बघायला मागितली. एका प्रश्नाखाली मी अर्धं पान लिहिलं होतं आणि समासात एकच शेरा होता: "क्रम?" शिक्षकांकडे गेले. त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'प्रत्येक बिंदूसाठी असा एक डेल्टा आहे की...' आणि 'असा एक डेल्टा आहे की प्रत्येक बिंदूसाठी...'. मग म्हणाले, "तू दुसरं सिद्ध करायला निघालीस आणि पहिलं सिद्ध करून थांबलीस."

मला ही दोन्ही वाक्यं तोवर एकच वाटत होती, हे कबूल करायला मला आठवडा लागला. मग मी एक सवय लावून घेतली. कुठलीही व्याख्या आली की तिचा नकार पूर्ण वाक्यात लिहायचा. 'फलन एकसमान संतत नाही' याचा अर्थ काय? असा एक एप्सिलॉन आहे की डेल्टा कितीही लहान घेतला तरी त्याच्यापेक्षा जवळ असलेले दोन बिंदू सापडतात, ज्यांवरच्या किमतींत किमान एप्सिलॉन इतका फरक आहे. हे न अडखळता लिहिता यायला लागलं तेव्हा मला ॲनालिसिस कळायला लागलं. पुढच्या सत्रात पेपर निघाला. पदवी एक सत्र उशिरा मिळाली, त्याचं आज काही वाटत नाही.

संख्यारेषा

थोडा वेगळा सूर लावतो. मी उपयोजित गणितात पदव्युत्तर पदवी घेतली. धागाकर्तीचं काम बघता त्यांनी शुद्ध गणिताच्या मागे न लागता तिकडे यावं असं वाटतं. मला गाल्वा थिअरी सक्तीची होती आणि त्यानंतर आजवर एकदाही लागली नाही. तेवढ्या वेळात अवकल समीकरणांचं संख्यात्मक उकलन अजून एक सत्र शिकता आलं असतं. ज्याला जे लागतं ते शिकू द्यावं. गाभ्याच्या नावाखाली सगळ्यांना एकाच चाळणीतून काढणं मला पटत नाही.

शेषफल

संख्यारेषा, गाल्वापुरतं तुमचं म्हणणं मान्य. उपयोजित शाखेत तो पेपर ऐच्छिक असावा असं मीही अभ्यास मंडळात मांडलं होतं. पण चाळणीच नको म्हणालात तर नाही पटणार. तुम्ही फायनाइट एलिमेंट पद्धत, म्हणजे क्षेत्राचे लहान तुकडे पाडून अवकल समीकरण सोडवण्याची पद्धत, शिकला असाल. तिथे उत्तर अस्तित्वात आहे आणि एकच आहे, याची हमी १९५४ च्या लॅक्स-मिलग्रॅम प्रमेयातून येते, आणि ते प्रमेय हिल्बर्ट अवकाशाचं, म्हणजे अंतर आणि कोन मोजता येणाऱ्या, अनंत मितींच्याही असू शकणाऱ्या सदिश अवकाशाचं आहे. चुका दुरुस्त करणारे १९६० चे रीड-सॉलोमन कोड सांत फील्डवर उभे आहेत. जलद फूरिअर रूपांतरणाच्या मुळाशी चक्रीय ग्रुप आहे. गाभा शिकताना यातलं काहीच दिसत नाही, हा दोष शिकवण्याचा आहे आणि त्यात मीही आलो.

संख्यारेषा

लॅक्स-मिलग्रॅम शिकलो, आणि खरंय, फंक्शनल ॲनालिसिस नसतं तर डोक्यावरून गेलं असतं. ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा यांवर माझा आक्षेप नाही, नव्हताही. अल्जिब्राच्या दोन सक्तीच्या पेपरांवर मात्र आहे, आणि तो राहील.

धागाकर्तीसाठी एवढंच: निवड करण्याआधी सक्तीच्या पेपरांची यादी बघा. 'गणित' आणि 'उपयोजित गणित' या दोन पदव्यांच्या याद्या एकाच विभागातही खूप वेगळ्या असतात.

अर्धी_वही

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळसंख्या, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला.

उलटतपास, तुमचा प्रश्न सोडवला. नियम पाळलाय, फक्त व्याख्या बघितल्या.

फलनाला फ म्हणू. एप्सिलॉन दिलेला आहे. फ संतत आहे, म्हणून अंतरालातल्या प्रत्येक बिंदू क साठी एक धन डेल्टा मिळतो. तो क वर अवलंबून आहे, म्हणून त्याला डेल्टा-क म्हणते. क पासून डेल्टा-क पेक्षा कमी अंतरावरचा कुठलाही ख घेतला तर फ(क) आणि फ(ख) यांतला फरक एप्सिलॉनपेक्षा कमी. आता या सगळ्या डेल्टा-क मधला सर्वांत लहान घेऊन त्याला डेल्टा म्हणते. तो प्रत्येक बिंदूला चालेल. म्हणून फ एकसमान संतत. सिद्ध.

फार सोपं वाटलं. त्यामुळेच शंका येतेय.

उलटतपास

शंका बरोबर जागी आली. चूक काय ते लगेच सांगत नाही, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. अंतराल 'बंद' असल्याचा उपयोग तुम्ही कुठल्या ओळीत केलात?

अर्धी_वही

कुठेच नाही.

उलटतपास

मग तुमची सिद्धता टोकं वगळलेल्या शून्य ते एक या अंतरालावरही जशीच्या तशी लागू व्हायला हवी. तिथे फ(क) = १/क हे फलन घ्या. ते प्रत्येक बिंदूला संतत आहे. आता १/न आणि १/(न+१) हे दोन बिंदू बघा. त्यांच्यातलं अंतर १/(न(न+१)), न वाढवत नेलं की हवं तितकं लहान होतं. पण फ च्या किमती न आणि न+१, फरक कायम १. म्हणजे एप्सिलॉन १ घेतला तर एकही डेल्टा पुरत नाही. तुमच्या सिद्धतेतून खोटं विधानही सिद्ध होतंय.

आता तुमच्या ओळी पुन्हा वाचा. 'या सगळ्या डेल्टा-क मधला सर्वांत लहान'. बिंदू अनंत आहेत, म्हणून डेल्टाही अनंत. अनंत धन संख्यांमध्ये सर्वांत लहान अशी संख्या असेलच असं नाही. १, १/२, १/३, १/४ अशा जात राहिल्या तर त्यांच्याखाली फक्त शून्य उरतं, आणि शून्याला डेल्टा म्हणता येत नाही.

निराश होऊ नका. तुमचा क्रम स्वच्छ आहे, डेल्टा क वर अवलंबून असल्याचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत. भोक एकच आहे. अनंत डेल्टांऐवजी सांत डेल्टांवर काम भागवता आलं तर तुमची 'सर्वांत लहान' ही ओळ खरी होईल. बंद अंतराल नेमकं तेच करू देतं. हाइने-बोरेल प्रमेय (बंद आणि सीमित अंतराल खुल्या अंतरालांनी झाकलं, तर त्यांतली सांतच पुरतात) उघडून वाचा, आता पुस्तकाला परवानगी आहे, आणि घाई न करता पुन्हा लिहा.

शेषफल

हे संभाषण जपून ठेवण्यासारखं झालं. प्रत्येक गृहीतक कुठे वापरलं ते शोधणं आणि न सापडल्यास थांबणं, यासाठी कुठल्याही माहितीपत्रकात क्रेडिट लिहिलेली नसतात.

पानभर_लेमा

प्रबंधाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

नाही, नवं प्रमेय लागत नाही. मिळालं तर आनंदच, पण अपेक्षा ती नसते. पदव्युत्तर प्रबंध बहुतेक वेळा विवेचनात्मक असतो: एखादा विषय किंवा शोधनिबंध पूर्ण समजून घ्यायचा, विखुरलेले धागे एकत्र आणायचे, मूळ लेखकाने सोडून दिलेल्या पायऱ्या भरायच्या, उदाहरणं स्वतः करून घालायची. दुसऱ्या विद्यार्थ्याने तुमचा प्रबंध वाचून तो विषय शिकावा, हा निकष. ज्यांना पुढे पीएच.डी. करायची आहे त्यांनी शक्य असेल तर परीक्षेऐवजी प्रबंधाचा पर्याय घ्यावा असं माझं मत आहे.

माझा विषय वर्ग-व्युत्क्रमतेचा नियम: दोन विषम अविभाज्य संख्यांपैकी पहिली दुसरीच्या मॉड्युलोने (म्हणजे भागून उरणाऱ्या बाकीत) वर्ग आहे का आणि दुसरी पहिलीच्या मॉड्युलोने वर्ग आहे का, यांतलं नातं. गाउसने तो पहिल्यांदा १७९६ मध्ये सिद्ध केला, तेव्हा तो विशीतही नव्हता, आणि पुढे आयुष्यभर त्याच्या नव्यानव्या सिद्धता शोधत राहिला. मी दोन सिद्धतांची तुलना केली, एक जाळीवरचे बिंदू मोजण्याची आणि एक गाउस-बेरजांची. दुसरीत शेवटी दोन बाजू एका विषम अविभाज्य संख्येच्या मॉड्युलोने समान निघतात. दोन्ही बाजू अधिक किंवा उणे एक. मी लिहिलं, 'म्हणून त्या समान आहेत हे स्पष्ट आहे.'

मार्गदर्शकांनी 'स्पष्ट' या शब्दाभोवती वर्तुळ काढून वही परत दिली. मला वाटलं, एक आणि उणे एक मॉड्युलो विषम अविभाज्य संख्या वेगळेच असतात, यात सांगायचं काय? पण इथली समानता साध्या पूर्णांकांत नव्हती, एककाची मुळं घालून मोठ्या केलेल्या रिंगमध्ये होती. त्या मोठ्या रिंगमध्ये दोन हा त्या अविभाज्य संख्येच्या पटीत येत नाही कशावरून? तीन आठवडे गेले. उत्तर चार ओळींचं निघालं: तसं असतं तर दोन भागिले ती विषम संख्या हा बैजिक पूर्णांक (पूर्णांक सहगुणकांच्या आणि अग्रसहगुणक एक असलेल्या बहुपदीचं मूळ) झाला असता, तो अपूर्णांक परिमेय आहे, परिमेय असलेला बैजिक पूर्णांक हा साधा पूर्णांकच असतो, आणि तो तर साधा पूर्णांक नाही. त्या चार ओळींसाठी मला बैजिक पूर्णांकांचं एक अख्खं प्रकरण शिकावं लागलं. माझ्या प्रबंधातलं ते सर्वांत चांगलं पान आहे.

तेव्हापासून 'स्पष्ट आहे', 'सहज दिसतं', 'त्याचप्रमाणे' हे शब्द लिहिताना हात थांबतो. आणि लॅटेक, म्हणजे गणिती मजकूर टाइप करण्याची संगणक प्रणाली, आतापासूनच शिकायला घ्या. ते शेवटच्या महिन्यात शिकायला बसलेल्यांचे हाल मी पाहिलेत.

शून्यावकाश

तोंडी परीक्षेबद्दल माझा अनुभव. तीन परीक्षक, फळा, साधारण तासभर. मी मोठमोठ्या प्रमेयांच्या सिद्धता घोकून गेलो होतो. पहिला प्रश्न आला, "कॉम्पॅक्ट संचाची व्याख्या सांगा." सांगितली: खुल्या संचांनी तो कसाही झाकला, तरी त्यांतले सांतच पुरतात. "वास्तव संख्यांमध्ये ओळखायचा कसा?" बंद आणि सीमित. "अनंत मितींच्या हिल्बर्ट अवकाशातला बंद एकक गोल बंदही आहे आणि सीमितही. तो कॉम्पॅक्ट आहे?" मी म्हणालो, नाही. "का?"

इथे थांबलो. प्रमेयाचं नाव आठवत होतं, कारण आठवत नव्हतं. मी तसं सांगितलं आणि विचारलं, उदाहरण घेऊन बघू का? त्यांनी मान डोलावली. परस्परांना लंब असलेल्या एकक सदिशांची क्रमिका घेतली. पायथागोरसने कुठल्याही दोघांतलं अंतर वर्गमूळ दोन. मग कुठलीच उपक्रमिका एकाजागी गोळा होऊ शकत नाही. लिहिता लिहिता उत्तर समोर आलं. नंतर एका परीक्षकांनी सांगितलं, की त्या पाच मिनिटांवर त्यांनी मला पास केलं होतं.

अल्जिब्रातही तसंच. "अविभाज्य घटकांत एकाच प्रकारे अवयव पडत नाहीत, असं रिंग दाखवा." पूर्णांकांत उणे पाचचं वर्गमूळ घालून मिळणारं रिंग सगळ्यांना पाठ असतं: सहा म्हणजे दोन गुणिले तीन, आणि सहा म्हणजेच एक अधिक ते मूळ गुणिले एक उणे ते मूळ. पण लगेच पुढचा प्रश्न, "दोनचे तिथे आणखी अवयव पडत नाहीत हे कशावरून?" नॉर्म घ्यायचा, म्हणजे अ अधिक ब गुणिले ते मूळ याला अ चा वर्ग अधिक ब च्या वर्गाची पाचपट ही संख्या जोडायची; गुणाकाराचा नॉर्म हा नॉर्मांचा गुणाकार असतो. दोनचा नॉर्म चार, म्हणून खऱ्या अवयवाचा नॉर्म दोन हवा, आणि एका वर्गात दुसऱ्याची पाचपट मिळवून दोन कधीच येत नाही.

म्हणजे तयारी करताना प्रत्येक व्याख्येला एक उदाहरण, एक 'जवळजवळ आहे पण नाही' असं उदाहरण, आणि प्रत्येक गृहीतक काढल्यावर काय मोडतं, एवढं हाताशी ठेवा. "माहीत नाही, पण असं करून बघतो" हे वाक्य तिथे चालतं. माहीत असल्याचा आव आणलेला चालत नाही.

संध्याकाळचा_वर्ग

नोकरी सांभाळून केलं, साडेचार वर्षांत. जमतं. एका सत्रात दोनच विषय घ्या, आणि ॲनालिसिस असेल त्या सत्रात शक्यतो एकच. पदवी पूर्ण करायला कमाल मुदत असते, ती आणि जुनी क्रेडिट किती वर्षं ग्राह्य धरतात, हे लेखी विचारून ठेवा. दुसरं, वरच्या पातळीचे काही विषय दर वर्षी शिकवले जात नाहीत, वर्षाआड येतात. मला फंक्शनल ॲनालिसिससाठी वर्षभर थांबावं लागलं, कारण मेजर थिअरी त्याआधी हवी होती आणि ती मी पुढे ढकलली होती. कुठला विषय कुठल्यावर उभा आहे, याचा नकाशा पहिल्याच आठवड्यात काढा.

आणि कुणीतरी सोबतीला शोधा. मला अडलेल्या अर्ध्या गोष्टी दुसऱ्याला समजावून सांगताना सुटल्या.

अर्धी_वही

नऊ दिवसांनी परत आले. हे बघा.

एप्सिलॉन दिलेला आहे. प्रत्येक बिंदू क साठी असा डेल्टा-क निवडते की क पासून त्याहून कमी अंतरावर फलनाची किंमत फ(क) पासून एप्सिलॉनच्या निम्म्याहून कमी हलते. आता प्रत्येक क भोवती डेल्टा-क च्या निम्म्या त्रिज्येचं खुलं अंतराल घेते. ही सगळी मिळून शून्य ते एक झाकतात. अंतराल बंद आणि सीमित आहे, म्हणून हाइने-बोरेलने त्यांतली सांत अंतरालंच पुरतात. (इथे वापरला!) त्या सांत बिंदूंच्या डेल्टांचे निम्मे घेऊन त्यांतला सर्वांत लहान तो डेल्टा. तो धन आहे, कारण निवड सांत संख्यांतून आहे.

आता ख आणि ग यांत डेल्टापेक्षा कमी अंतर असेल, तर ख निवडलेल्यांपैकी कुठल्यातरी क च्या अंतरालात आहे, म्हणजे क पासून डेल्टा-क च्या निम्म्याहून जवळ. ग तिथून आणखी फार तर तितकाच दूर, म्हणून क पासून डेल्टा-क च्या आत. मग फ(ख) आणि फ(ग) दोन्ही फ(क) पासून एप्सिलॉनच्या निम्म्याहून कमी अंतरावर, आणि आपापसांत एप्सिलॉनपेक्षा कमी. सिद्ध.

आधी अंतरालं पूर्ण डेल्टा-क ची घेतली होती. मग ग बाहेर पडायचा. दोन दिवस तिथेच अडकले होते. रात्री झोपताना सुचलं, की निम्मी घ्यावी, म्हणजे ग ला जागा उरेल. उठून दिवा लावून लिहून काढलं. नऊ वर्षांत असं काही वाटलं नव्हतं.

उलटतपास

एकही भोक नाही. बरोबर आहे.

मूळसंख्या

निम्मं घेण्याची ती युक्ती कुणी न सांगता सापडली, हे वाचून फार आनंद झाला.

शेषफल

अर्धी_वही, आता तुमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे. फलन केवळ संतत असेल तर त्याची फूरिअर श्रेढी प्रत्येक बिंदूवर त्याच्याकडे जाईलच असं नाही. १८७० च्या दशकात द्यु ब्वा-रेमोंने असं एक संतत फलन रचलं, की ज्याची श्रेढी एका बिंदूवर अभिसारीच नाही. म्हणजे "हे कशावरून?" हा प्रश्न अगदी रास्त होता. जवळजवळ सर्वत्र मात्र ती अभिसारी असते, हे कार्लेसनने १९६६ मध्ये दाखवलं. 'जवळजवळ सर्वत्र' याचा नेमका अर्थ मेजर थिअरीत कळेल, कार्लेसनची सिद्धता मात्र पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या बऱ्याच पुढची आहे.

पण मधला एक निकाल तुमच्या आवाक्यात आहे, आजच. १९०० मध्ये फेयेरने, तेव्हा तो वीस वर्षांचा विद्यार्थी होता, असं दाखवलं की श्रेढीच्या आंशिक बेरजांऐवजी त्या बेरजांच्या सरासऱ्या घेतल्या, तर आवर्ती संतत फलनासाठी त्या सर्वत्र आणि एकसमान रीतीने फलनाकडेच जातात. त्या सिद्धतेत एका ठिकाणी सगळ्या बिंदूंना एकच डेल्टा लागतो. तो तुम्ही वर सिद्ध केलात तोच.

फेयेरची सिद्धता काढा. अडलात तर इथेच लिहा.

अर्धी_वही

काढते. पूरक कोर्सचा अर्जही काल भरला.